मुक्ता नाव ठेव ना

प्रिय बाळ्या,

काल फोनवर म्हणालास की पोरीच्या पत्रिकेत म अक्षर आलंय, पण मुक्ता नाव घरच्यांना लई जुनं वाटायलंय अन् ते मायरा म्हणायलेत. तेवढ्यात रेंज गेली, म्हणून लिहायलोय.

माझी रुक्मिणआज्जी आठवती ना, शाळेतनं आलं की शेंगदाण्याचा लाडू द्यायची ती. तिचं नाव रुक्मिण नव्हतंच रे. सातवीत असताना भाऊबीजेला मी तिच्यासंगं पैठणकडं तिच्या माहेरी गेलतो, तर तिचा म्हातारा भाऊ दारातनंच ओरडला, "मुक्ते, आलीस का गं!" मी इकडंतिकडं बघायलोय की ही मुक्ता कोण. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहिलं अन् जुनं माहेरीच राहिलं, मग रेशन कार्डावर, सातबाऱ्यावर सगळीकडं रुक्मिणी. भाऊ गेल्यावर तिला मुक्ता म्हणणारं कुणीच उरलं नाही.

आता अर्थ बघ. मुच् म्हणजे सोडणं, त्यावरून मुक्ता, मोकळी झालेली. अन् संस्कृतात मुक्ता म्हणजे मोती पण, त्यावरून मौक्तिक अन् बोलून बोलून त्याचाच झाला आपला मोती.

अन् मुक्ताबाई तर आपलीच की. घराणं पैठणजवळच्या आपेगावचं, जन्म 1279 चा सांगतात. आईबाप गेलेले, गावानं वाळीत टाकलेलं, अन् ज्ञानोबा लोकांच्या बोलण्यानं दुखावून ताटी लावून आत बसले तर ही सगळ्यात धाकटी पोरगी बाहेर उभी राहून थोरल्या भावाला समजवायली, तेच ताटीचे अभंग. चौदाशे वर्षं जगला म्हणतात त्या चांगदेवानं पण हिलाच गुरू केलं. 1297 ला तापीकाठी गेली, जेमतेम अठराची. दरवर्षी तिची पालखी तिकडून जालना, बीडवरून पंढरीला जाती, आज्जी तिच्यासाठी दशम्या करायची.

दुसरी मुक्ता साळवे, सावित्रीबाई-जोतिबांच्या पुण्यातल्या शाळेतली. चौदा वर्षांच्या त्या पोरीनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला अन् 1855 साली तो ज्ञानोदयात छापून आला. वाचला तवा मला झोप लागली नव्हती.

आपल्या वर्गात संगीता तीन होत्या, मुक्ता एक पण नाही. तवा ते म्हाताऱ्यांचं नाव वाटायचं, पुढचं बाई काढलं की किती कोवळं लागतंय बघ, मुक्ता बर्वेचं नाव कुणाला जुनं वाटतंय का? वहिनीला हे वाचून दाखव.

मायरा ठेवलं तरी मी बारशाला येणारच. पण जे ठेवाल ते पुढं कुणाला तांदळात पुसू देऊ नको.

शनिवारी रात्रीच्या गाडीनं निघतो. आज्जीच्या लुगड्यांची गोधडी आईनं पोरीसाठी काढून ठेवलीय, ती घेऊन येतो.

तुझा,
सुध्या