सिंकखाली कागद ठेवून गेलेल्या दादांना

दादा, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहिलं आणि नंबर घ्यायचाही. तुम्हाला आमच्या वॉचमनने आणलं होतं, तो आता भातलावणीसाठी गावी गेलाय. तुम्ही अंबडला कंपनीत फिटर आहात, शनिवारी सुट्टी असते तेव्हा नळाची कामं करता, एवढंच ठाऊक आहे. म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय. नाशिकचं इंदिरानगर, तिसरा मजला, सिंकखाली स्टीलची तपेली. आठवलं ना?

ती तपेली तुम्ही यायच्या आधी एकवीस दिवस तिथे होती. पाण्याचा फिल्टर कोरा करकरीत. बसवणारा मुलगा वीस मिनिटांत "झालं मॅडम" म्हणाला आणि काम झाल्याचा ओटीपी मागितला. मी दिला. माझंच चुकलं, कपाटात वाकून बघायला हवं होतं. रात्रीपासून टपटप सुरू. तक्रार केली तर दुसऱ्या दिवशी मेसेज, की आपल्या तक्रारीचं निवारण झालेलं आहे! मग दुसरा आला, जॉइंटवर एमसील थापून गेला. जाताना पुन्हा ओटीपी. प्लायवूड तोवर फुगून पोळीसारखं झालं होतं.

तिसऱ्याने गळतीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याने पेटीतून सळ्यांचं एक यंत्र काढलं, एका ग्लासात आमच्या नळाचं पाणी घेतलं, दुसऱ्यात स्वतःच्या बाटलीतलं, आणि बटण दाबलं. मिनिटाभरात आमच्या ग्लासात तांबूस-हिरवा गाळ. "हे पिता तुम्ही?" मग अठरा हजारांच्या आरओचं, म्हणजे क्षार काढणाऱ्या फिल्टरचं, माहितीपत्रक. माझ्या सासूबाई समोरच बसल्या होत्या. एक्क्याऐंशी वर्षं गोदावरीचं पाणी प्यायलेली बाई, पण त्या दिवसापासून पेला तोंडाला लावताना आधी उजेडात धरून बघायला लागली.

तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही ओट्याखाली आडवे होतात आणि आतूनच हसलात. म्हणालात, "आजी, तो गाळ पाण्याचा नाही, सळईचा. नळाच्या पाण्यात क्षार असतात, म्हणून करंट जातो आणि लोखंड विरघळतं. त्याच्या बाटलीतल्या पाण्यात क्षारच नव्हते. चिमूटभर मीठ टाकायचं होतं त्यात, तेही तसंच झालं असतं." मग तुमचं ते क्षार मोजायचं पेनासारखं मीटर पाण्यात धरलंत. ११८. पिण्याच्या पाण्याला ५०० पर्यंत चालतं, असं म्हणालात. गंगापूर धरणाच्या पाण्याला आरओ लावायचा म्हणजे चांगलं पाणी मोरीत सोडायचं. बोअरचं असतं तर गोष्ट वेगळी. पावसाळ्यात नळाला गढूळ येतं त्यासाठी गाळाची कँडल, जंतूंसाठी यूव्ही, आणि हे दोन्ही आमच्या फिल्टरमध्ये आहेतच. जंतू मात्र मीटरवर दिसत नाहीत, ११८ बघून फिल्टर बंद करू नका, हेही बजावलंत. विकायला काहीच नसलेल्या माणसाकडून इतकं ऐकायला मिळालं, याचंच मला नवल वाटलं.

गळतीचं कारण निघालं एवढंसं. पांढरी नळी कात्रीने तिरकी कापलेली, त्यामुळे आतल्या रबरी रिंगेवर नीट बसतच नव्हती. तो तुकडा तुम्ही माझ्या तळहातावर ठेवलात. करंगळीच्या नखाएवढा. ह्याच्यापायी तीन माणसं आणि तीन ओटीपी!

पण आभार त्याचे नाहीत. ते काम होतं, त्याचे साडेतीनशे तुम्ही घेतलेत आणि घ्यायलाच हवे होते. फुकट करणारा तेवढाच चांगला माणूस, हा समज मला पटत नाही. नळी काटकोनात कापणारा, कापल्यावर बोट फिरवून बघणारा माणूस मला जास्त चांगला वाटतो.

आभार त्या कागदाचे. सासूबाई रोज रात्री तीनच्या सुमाराला भिंत धरत धरत स्वयंपाकघरात जायच्या, तपेली भरली का बघायला. मला उठवायच्या नाहीत. एकदा ओल्या फरशीवर पाय सरकला, ओटा हाताशी होता म्हणून वाचल्या. हे मी तुम्हाला बोलता बोलता सांगितलं. तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. जाताना पेपरचं एक पान घडी घालून जॉइंटखाली ठेवलंत, तपेली उचलून त्यांच्या हातात दिलीत आणि म्हणालात, "आजी, आता रात्री उठायचं नाही. कागद मी सकाळी येऊन बघणार. माझ्याआधी कुणी बघायचा नाही."

त्या रात्री त्या उठल्या नाहीत. मीच जागी होते.

तुम्ही खरंच आलात. रविवारी सातच्या आत, पाऊस अंगावर घेत, फर्स्ट शिफ्टला जाता जाता. रेनकोट निथळत होता म्हणून आत पाऊल टाकेनात, शेवटी सासूबाईंनीच पायपुसणं पुढे सरकवलं. वाकून कागद काढलात, आधी स्वतःच्या गालाला लावून बघितलात, मग त्यांच्या हातात दिलात. "कोरडा." चहा नको म्हणालात, पंचिंगला उशीर होतोय म्हणालात.

तुमचा लहान पाना इथेच राहिलाय, कोपऱ्यात सापडला. सासूबाईंनी तो पुसून, खोबरेल लावून देवघराशेजारच्या फळीवर ठेवलाय. शनिवारी आम्ही घरीच असतो. येऊन घेऊन जा, आणि या वेळी चहाला वेळ ठेवा.