लॅपटॉपातील दुसरी जागा आणि खोक्यावरचे मौन

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या शैक्षणिक पुरवणीत अभियांत्रिकीला नव्याने प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी लॅपटॉपखरेदीवर आलेला लेख वाचला. साठवणीची जागा कमी पडली तर गेमिंग लॅपटॉपात पुढे दुसरी हार्ड डिस्क टाकता येते, असे त्यात अखेरीस एका ओळीत सांगितले आहे. ते खोटे नाही. मात्र त्या एका ओळीच्या पोटात चार-पाच प्रश्न दडलेले असतात आणि त्यांची उत्तरे लॅपटॉपच्या खोक्यावरही नसतात, ड्राइव्हच्या पाकिटावरही नसतात. हे आम्हाला या उन्हाळ्यात पैसे मोजून कळले, म्हणून हे पत्र.

माझी भाची पुण्यात शिकते. तिने गेमिंग लॅपटॉप घेतला तो खेळांपेक्षा त्यातल्या ग्राफिक्स कार्डासाठी, कारण त्रिमितीय आराखडे आणि व्हिडिओ संपादन यांसाठी त्या किमतीत दुसरे काही मिळत नव्हते. अर्थात खेळही आलेच. आतला ड्राइव्ह ५१२ जीबीचा. कंपन्या जीबी दशमान पद्धतीने मोजतात आणि विंडोज दोनच्या घातांत मोजते, त्यामुळे पडद्यावर तो ४७६ जीबी दिसतो. त्यातून विंडोज आणि महाविद्यालयाची सॉफ्टवेअरे वजा करा. रेड डेड रिडेम्प्शन २ या खेळाला १५० जीबी जागा लागते, बाल्डर्स गेट ३ ला तेवढीच. दोन खेळ आणि एक अर्धवट प्रकल्प इतक्यावरच ‘मामा, लॅपटॉप भरला’ असा फोन आला.

मी तंत्रनिकेतनात अनेक वर्षे इलेक्ट्रॉनिक्स शिकवले आहे, त्यामुळे हे काम माझ्याकडे येणे स्वाभाविक होते, आणि पहिल्या फेरीत मीच चुकलो. तिच्या मॉडेलचे आतील छायाचित्र इंटरनेटवर पाहिले, त्यात अडीच इंची डिस्कचा कप्पा स्पष्ट दिसत होता, म्हणून २ टीबीची हार्ड डिस्क आणली. लॅपटॉप उघडला तर त्या जागी बॅटरी! एकाच मॉडेलचे नाव घेऊन हा लॅपटॉप दोन प्रकारच्या बॅटऱ्यांसह विकला जातो. लहान बॅटरी असेल तर कप्पा मिळतो, मोठी असेल तर ती कप्प्याची जागा खाते. खोक्यावर बॅटरीची क्षमता छापलेली होती, पण त्यामुळे कप्पा गेला हे छापलेले नव्हते. ज्या यंत्रांत कप्पा असतो त्यांतही त्याची पट्टीसारखी केबल आणि धातूची चौकट खोक्यात येतेच असे नाही, आणि ती वेगळी मिळवणे हे एक स्वतंत्र काम असते. दुकानदाराने उघडलेले पाकीट परत घेतले नाही. त्यात त्याचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. ती डिस्क आता बाहेरच्या केसिंगमध्ये घालून आम्ही छायाचित्रे आणि जुन्या प्रकल्पांच्या प्रती ठेवायला वापरतो.

झाले ते एका अर्थी बरेच झाले, असे मला मागाहून वाटले, कारण खेळांसाठी आत तबकडी फिरणारी हार्ड डिस्क घेण्याचा निर्णयच मुळात तपासून पाहायला हवा होता. लॅपटॉपची मिनिटाला ५४०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १४० एमबी वाचते, आणि तेही सलग मजकूर असेल तरच. खेळ मात्र हजारो लहान तुकडे इकडून-तिकडून मागतो, तेव्हा वाचणाऱ्या दांड्याची धावपळ होते आणि वेग कोसळतो. साध्या साटा एसएसडीला, म्हणजे चिपांवर मजकूर साठवणाऱ्या आणि साटा या जुन्या जोडणीवर चालणाऱ्या ड्राइव्हला, असा हलणारा भागच नसतो आणि तिचा वेग सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास जातो. शिवाय नवे खेळ आता हार्ड डिस्क गृहीत धरत नाहीत. २०२३ मध्ये आलेल्या स्टारफील्डने किमान गरजांमध्येच एसएसडी मागितली, आणि त्याच वर्षी सायबरपंक २०७७ च्या निर्मात्यांनीही आपल्या जुन्या यादीतून हार्ड डिस्क काढून टाकली. पाठीवरच्या पिशवीतून एसटीने आणि दुचाकीवरून फिरणाऱ्या यंत्रात फिरती तबकडी ठेवावी का, हा आणखी वेगळाच प्रश्न.

तरीही हार्ड डिस्क स्वस्त पडते म्हणून ती घेणारे खूप आहेत, आणि त्यांच्यासाठी एक गोष्ट सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते. लॅपटॉपात बसणाऱ्या डिस्कची जाडी बहुधा ७ मिलिमीटर असावी लागते. २ टीबीहून मोठ्या अडीच इंची हार्ड डिस्का १५ मिलिमीटरच्या असतात आणि त्या लॅपटॉपात मावत नाहीत. आता ७ मिलिमीटरमध्ये इतका मजकूर कोंबण्यासाठी कंपन्या ‘शिंगल्ड’ म्हणजे एसएमआर पद्धत सर्रास वापरतात. आपल्याकडच्या कौलारू छपरावर एका कौलाची कड पुढच्या कौलाखाली जाते, तसे या पद्धतीत लेखनाचे पट्टे एकमेकांवर थोडे थोडे चढवलेले असतात. वाचायला त्याने काही अडत नाही. पण मधले एक कौल बदलायचे तर शेजारची चार उचलून पुन्हा लावावी लागतात, तसेच मधला मजकूर बदलताना डिस्कला एकमेकांवर चढलेल्या पट्ट्यांचा पूर्ण गट नव्याने लिहावा लागतो. खेळाचे मोठे अपडेट आले की ते हजारो ठिकाणी मधलाच मजकूर बदलत असतो. अशा वेळी डिस्क सेकंदाला काही एमबीवर येऊन घुटमळू लागते आणि विद्यार्थी समजतो की इंटरनेट बिघडले.

हे तंत्र वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. जुन्या फायली नुसत्या ठेवायच्या असतील तर ते योग्यच आहे. आक्षेप आहे तो न सांगण्याला. एप्रिल २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतील २ ते ६ टीबीच्या काही डिस्कांमध्ये हे तंत्र ग्राहकांना न सांगता वापरल्याचे उघड झाले, तेव्हा जगभर ओरड झाली; त्यानंतर कंपनीने कोणत्या डिस्कमध्ये कोणते तंत्र आहे याच्या याद्या दिल्या आणि जुन्या पद्धतीच्या डिस्कांना रेड प्लस असे वेगळे नाव दिले. ओरड झाल्यावर जे छापता येते ते आधीही छापता आले असते.

एसएसडीच्या बाबतीतही चित्र फार वेगळे नाही. आतील स्मृतिपेशीत तीन बिट ठेवले तर ती टीएलसी, चार ठेवले तर क्यूएलसी. तीन बिटांसाठी विद्युतभाराच्या ८ पातळ्या ओळखाव्या लागतात आणि चारसाठी १६, त्यामुळे क्यूएलसी लिहायला हळू आणि झिजायला लवकर. सुरुवातीचा काही मजकूर ती झटपट लिहिते, कारण पेशींचा काही भाग तात्पुरता एका बिटाने वापरलेला असतो. तो भरला की खरा वेग उघडा पडतो, आणि १५० जीबीचा खेळ एका दमात कॉपी करताना तो भरतोच. असे असूनही, माझ्या मते, दुसऱ्या ड्राइव्हसाठी क्यूएलसी चालण्यासारखी आहे. खेळ एकदा लिहिला जातो आणि पुढे महिनोन्‌महिने वाचलाच जातो. सॅमसंगच्या ८७० क्यूव्हीओ या १ टीबीच्या क्यूएलसी ड्राइव्हची लेखनमर्यादा ३६० टीबी दिलेली आहे. ती पाच वर्षांत वाटली तरी दिवसाला सुमारे २०० जीबी होते, आणि इतके लिहिणारा विद्यार्थी मी पाहिलेला नाही. रोज व्हिडिओ संपादन करणाऱ्याने मात्र टीएलसीच घ्यावी. पण निवड करण्यासाठी माहिती तर हवी! २०२१ मध्ये क्रुशलच्या पी२ या ड्राइव्हमध्ये नाव तेच ठेवून टीएलसीच्या जागी क्यूएलसी आल्याचे परीक्षकांनी चाचण्या घेऊन दाखवून दिले. पहिल्या महिन्यात आलेली परीक्षणे वाचून सहा महिन्यांनी तोच ड्राइव्ह घेणाऱ्याने कोणत्या माहितीवर विसंबायचे?

कप्पा गेला तेव्हा आमच्यापुढे उरली ती एम डॉट टू या नावाची बारीक खाच. येथे ड्राइव्हचे माप अंकांत सांगतात : २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब, तर २२४२ आणि २२३० हे त्याचे आखूड भाऊ. लांबी चुकली तर स्क्रूचे भोक जुळत नाही. त्याहून फसवे म्हणजे बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या या पट्ट्या जुनी साटा आणि नवी, वेगवान एनव्हीएमई अशा दोन भाषा बोलतात. केवळ एनव्हीएमई समजणाऱ्या खाचेत साटा पट्टी बसते व्यवस्थित, पण संगणकाला ती दिसत नाही. पिढीचा, म्हणजे एनव्हीएमई ज्या पीसीआयई जोडणीवरून चालते तिच्या आवृत्तीचा, प्रश्न त्या मानाने सोपा आहे. तिसऱ्या पिढीच्या खाचेत चौथ्या पिढीचा ड्राइव्ह चालतो, फक्त सेकंदाला ७००० एमबीऐवजी ३५०० एमबीच्या आसपास अडतो. इंटेल प्रोसेसरच्या दहाव्या पिढीपर्यंतचे आणि एएमडीच्या रायझन ५००० मालिकेतले लॅपटॉप तिसऱ्या पिढीवरच आहेत, तेव्हा त्यांच्यासाठी महाग ड्राइव्ह घेणे म्हणजे गल्लीत धावण्यासाठी शर्यतीची गाडी घेणे. तसेही बहुतेक खेळ सुरू व्हायला लागणाऱ्या वेळात हार्ड डिस्क आणि एसएसडी यांत जमीनअस्मानाचा फरक असतो, तर साध्या आणि वेगवान एसएसडीत बहुधा काही सेकंदांचा. तेच पैसे जागा वाढवण्यावर खर्च करावेत. जाड ॲल्युमिनियमचे कवच चढवलेले ड्राइव्ह लॅपटॉपच्या झाकणाखाली मावत नाहीत, हेही आधी पाहून घ्यावे.

राहता राहिली वॉरंटी. आम्हाला सेवा केंद्रात तोंडी सांगण्यात आले की मागचे झाकण घरी उघडले तर वॉरंटी संपेल. लेखी मागितल्यावर वॉरंटीच्या कागदात तसे काही आढळले नाही, आणि मग सांगणाऱ्याने, आत काही तुटले तरच जबाबदारी तुमची, असा अर्थ सांगितला. दोन वाक्यांत केवढा फरक! अमेरिकेत एप्रिल २०१८ मध्ये तेथील फेडरल ट्रेड कमिशनने सहा कंपन्यांना पत्रे पाठवून, सील तुटले किंवा दुसऱ्याचा सुटा भाग वापरला म्हणून वॉरंटी नाकारण्याच्या भाषेविषयी इशारा दिला होता. आपल्याकडेही ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले आणि मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू त्यात घेतल्या. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये वस्तूची गुणवत्ता, प्रमाण आणि दर्जा यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क मानला आहे. मग ज्या गुणावर भरवसा ठेवून, पुढे जागा वाढवता येईल या हिशेबाने, यंत्र घेतले जाते, त्याची माहिती खोक्यावर का नसावी?

माझी मागणी लहान आहे. लॅपटॉपच्या खोक्यावर किंवा मॉडेलच्या माहितीपत्रकात, त्या विशिष्ट बॅटरीच्या प्रकारासाठी, रिकाम्या खाचा किती, त्यांचे माप काय, त्या साटा की एनव्हीएमई, कोणत्या पिढीच्या, केबल आणि स्क्रू सोबत आहेत का, आणि ग्राहकाने स्वतः ड्राइव्ह बसवल्यास वॉरंटीचे काय होते, एवढे छापले जावे. हार्ड डिस्कच्या पाकिटावर लेखनपद्धत आणि एसएसडीच्या पाकिटावर पेशीचा प्रकार व लेखनमर्यादा असावी. आतील भाग बदलला तर मॉडेलचे नावही बदलावे. आपल्या पुरवणीत लॅपटॉपांचे तुलनात्मक तक्ते येतात, त्यांत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाशेजारी दुसऱ्या खाचेचा एक रकाना घालणे तर आपल्याच हातात आहे. ग्राहक पंचायतीसारख्या संघटनांनीही हा विषय हाती घ्यावा, अशी विनंती आहे.

भाचीच्या लॅपटॉपात अखेर १ टीबीचा तिसऱ्या पिढीचा टीएलसी एनव्हीएमई ड्राइव्ह बसला. खाच होती, पण ड्राइव्हला धरून ठेवणारा तीन मिलिमीटरचा स्क्रू लॅपटॉपासोबतही आला नव्हता आणि ड्राइव्हसोबतही नाही. तो आमच्या कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने आपल्या डबीतून शोधून दिला आणि पैसे घ्यायला नकार दिला.

आपला विश्वासू,
तंत्रनिकेतनातील एक निवृत्त अधिव्याख्याता,
नाशिक