मेंदूला विद्युत उत्तेजन देणाऱ्या हेडबँडबाबत तक्रार आणि पैसे परत मिळण्याची मागणी

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय : हेडबँडमधील दोष, कपाळाला झालेली इजा आणि दिशाभूल करणारी जाहिरात

महोदय/महोदया,

मी कोपरखैरणे, नवी मुंबई येथे राहतो आणि टीटीसी औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात विद्युत पर्यवेक्षक आहे. माझी मुलगी सीएच्या परीक्षेची तयारी करत आहे. आपल्या संकेतस्थळावरील ‘वीस मिनिटांत एकाग्रता आणि स्मरणशक्ती दुप्पट’ ही जाहिरात वाचून तिच्यासाठी आपला हेडबँड मागवला. तो वापरल्यावर तिच्या कपाळावर उजव्या बाजूला, करंट देणाऱ्या ओल्या स्पंजची (इलेक्ट्रोडची) कड जिथे टेकते तिथे, लाल चट्टा उठला आणि त्वचारोगतज्ज्ञांनी तो भाजल्याचा असल्याचे लिहून दिले. शिवाय बटण दाबताच आणि यंत्र बंद होताना तिच्या डोळ्यांपुढे लख्खकन प्रकाश चमकत असे. याबद्दल विचारले असता आपल्या प्रतिनिधीने कळवले की, ‘मुंग्या येणे म्हणजे मेंदू जागा होत आहे.’ भाजलेल्या त्वचेला हे उत्तर लागू पडत नाही.

माझा रोजचा संबंध करंटशी असल्याने मी यंत्र घरीच तपासले. डोक्याऐवजी पाच किलोओहमचा रेझिस्टर आणि त्याच्यासोबत मल्टिमीटर जोडून बटण दाबले, तर आकडा शून्यावरून थेट २ मिलिअँपिअरवर गेला आणि बंद करताना तितक्याच झटक्याने शून्यावर आला. मेंदूला असे उत्तेजन देण्याचे प्रयोग होतात त्या प्रयोगशाळांत हा प्रवाह साधारणपणे काही सेकंद घेऊन हळूहळू चढवतात व उतरवतात, कारण अचानक बदलला तर कपाळावर इलेक्ट्रोड असलेल्या माणसाला प्रकाश चमकल्यासारखा दिसू शकतो. तेथे सर्रास वापरला जाणारा स्पंज ५ बाय ७ सेंटिमीटरचा, म्हणजे ३५ चौरस सेंटिमीटरचा असतो. आपला स्पंज गोल असून त्याचा व्यास ३ सेंटिमीटर आहे, म्हणजे क्षेत्रफळ जेमतेम ७ चौरस सेंटिमीटर. तेवढाच प्रवाह पाचपट कमी जागेतून जातो आणि उन्हाळ्यात स्पंज मध्येच सुकला की उरलेल्या ओल्या भागात एकवटतो. संपर्क बिघडल्यावर प्रवाह आपोआप तोडण्याची सोय यंत्रात नाही, हे मी स्पंज मुद्दाम अर्धवट सुकवून पाहिले आहे. अपस्मार असलेल्यांनी किंवा डोक्यात धातूचे रोपण असलेल्यांनी हे वापरू नये, एवढी ओळसुद्धा माहितीपत्रकात नाही.

आता जाहिरातीविषयी. जर्मनीतील ग्यॉटिंगन येथे निट्शे आणि पाउलस यांनी २००० साली केलेल्या संशोधनाचा आपण हवाला देता. त्या संशोधनात शरीराच्या हालचालींशी संबंधित मेंदूच्या भागाची उत्तेजनक्षमता काही मिनिटांसाठी बदलल्याचे दिसले होते. त्यात स्मरणशक्तीची परीक्षा नव्हतीच. उलट २०१५ साली हॉरव्हाथ आणि सहकाऱ्यांनी निरोगी प्रौढांवरील अशा उत्तेजनाचे अनेक प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा उत्तेजनाच्या एका सत्राचा आकलनावर खात्रीलायक परिणाम आढळला नाही. नेदरलँड्समधील लायडन येथील संशोधकांनी बाजारात मिळणारा असाच एक हेडसेट तपासला, तेव्हा तो लावणाऱ्यांची कार्यकारी स्मृती (काम करताना माहिती तात्पुरती लक्षात ठेवण्याची क्षमता) सुधारण्याऐवजी खालावली होती. ऑक्सफर्डच्या एका प्रयोगात तर, उत्तेजन कुठे दिले यावर अवलंबून, नवे शिकणे सुधारले तेव्हा शिकलेले आपसूक वापरता येणे मंदावले आणि उलटही घडले. नैराश्यासारख्या आजारांवर डॉक्टरांच्या देखरेखीखाली या पद्धतीचा अभ्यास होतो, त्याला माझा आक्षेप नाही. मात्र परीक्षार्थींना दुपटीचे वचन देण्याला यातील कशाचाच आधार नाही.

आपण ‘सील तोडलेली वस्तू परत घेत नाही’ असे कळवले आहे. सील तोडल्याशिवाय दोष कसा दिसावा, हे मात्र कळवलेले नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(२८) मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार या पत्राची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे बंधनकारक आहे. तरी यंत्राची पूर्ण किंमत व वैद्यकीय खर्च परत करावा, वरील दावा जाहिरातीतून काढावा आणि हे यंत्र वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ खाली नोंदवलेले आहे की नाही, ते लेखी कळवावे. अन्यथा मी ठाणे जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. तक्रारदार राहतो त्याच जिल्ह्यात ती करता येते, त्यामुळे मला आपल्या शहरात येण्याची गरज नाही.

यंत्र स्पंजसह मूळ खोक्यात ठेवले आहे. आपल्या तंत्रज्ञाने येऊन माझ्यासमोर मोजमाप घ्यावे आणि मगच ते न्यावे.

आपला,
एक ग्राहक, कोपरखैरणे

सोबत : बिलाची प्रत, डॉक्टरांची चिठ्ठी, मीटरवरील नोंदीचा व्हिडिओ