खुर्ची भिंतीकडं फिरवणाऱ्या सिस्टरांना

आदरणीय सिस्टर,

गेल्या आठवड्यात दोन्ही लेकरांना फॉलोअपला घेऊन अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात आलो होतो. तपासणी झाल्यावर तुम्हाला भेटायला नवजात शिशू कक्षाच्या दारापर्यंत गेलोत, तर तुमची बदली झाल्याचं कळलं. कुठं झाली हे नव्या सिस्टरांना सांगता आलं नाही. बायको तिथंच बाकड्यावर बसून रडली. तुम्हाला दाखवायचं म्हणून तिनं सकाळीच दोघांना नवे कपडे घातले होते. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितोय. तुमचं नाव घालत नाही, कारण सरकारी नोकरीत कौतुकही कधी अंगलट येतं. वाचणाऱ्यांपैकी कुणी तुम्हाला ओळखत असेल तर त्यांनी एवढं तुमच्यापर्यंत पोचवावं.

आम्ही तुमच्या दारात कुठून फिरून आलोत, हे तुम्ही कधी विचारलं नाही. आज सांगतो.

सातव्या महिन्यात बायकोच्या पायावर सूज आली, मग तोंडावर आली, डोकं ठणकायला लागलं. ज्या खासगी दवाखान्यात नाव घातलं होतं तिथं दर वेळी बीपी मोजलं, फाइलीत लिहिलं आणि "जुळं आहे, सूज येणारच" म्हणून घरी पाठवलं. बत्तिसावा आठवडा लागला होता. एका रात्री तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. आम्ही तिला घेऊन तिथंच पळालोत. डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बसवून आधी लेकरू उबेत ठेवायच्या एका पेटीचा रोजचा खर्च सांगितला, मग दोन पेट्यांचा सांगितला, ॲडव्हान्स किती भरायचा ते सांगितलं. मी गप्प बसलेला बघून म्हणाले, "दुसऱ्याची वाढ कमी आहे. माझं ऐका, एकावरच खर्च करा." मधे फक्त एक पडदा होता. पलीकडं बायको सलाईन लावून पडली होती आणि तिनं ते सगळं ऐकलं. पुढं कितीतरी रात्री ती झोपेतून उठून विचारायची, "दुसरं कुठंय?"

दिवस भरायच्या आत बाळंतपण होणार असं दिसलं की आईला इंजेक्शन देतात, पोटातल्या बाळांची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून. ते जितकं आधी मिळेल तितकं लेकरांच्या कामी येतं, हे मला अंबाजोगाईत कळलं. त्या रात्री तिथं ते देता आलं असतं. दिलं नाही. या एका गोष्टीचा राग माझ्या मनातून जात नाही आणि तो जावा असंही मला वाटत नाही. शेवटी १०८ नंबरला फोन केला, गाडी आली आणि त्या गाडीतल्या डॉक्टरांनी वाटेत पहिल्यांदा बायकोला धीर दिला.

ऑपरेशन, सह्या, रक्ताच्या पिशव्या हे सगळं सोडून देतो. मुलगा १४५० ग्रॅमचा झाला, मुलगी १०८० ग्रॅमची. ऑपरेशननंतर आईला झटके आले म्हणून ती अतिदक्षता विभागात, लेकरं तुमच्याकडं आणि मी मधल्या जिन्यात. कुणी "नातेवाईक कोण आहेत?" अशी हाक दिली की पळत जायचं, सही करायची, औषध आणायचं, परत जिन्यात येऊन बसायचं. दवाखान्यात बापाला याहून वेगळं काही काम असतं, हे तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग एका सकाळी तुम्ही बोलावलंत. "दादा, गरम पाण्यानं अंघोळ करून या. पुढून बटणं असलेला धुतलेला शर्ट घाला. लेकीला अंगावर घ्यायचंय." मी म्हणालो, तिच्या आईला उठू द्या. तुम्ही म्हणालात, "आई उठेल तेव्हा उठेल. तोवर लेकीनं कुणाच्या उबेत राहायचं?"

अंघोळ करून आलो तर खुर्चीचं तोंड दाराकडं होतं. दाराच्या काचेपलीकडं आबा उभे होते, चुलते होते, गावातली आणखी दोघं होती. आमच्याकडं थोरामोठ्यांसमोर बापानं आपलं लेकरू घ्यायची रीत नाही. आबांनी मला त्यांच्या वडिलांदेखत कधी उचललं नाही, असं माय सांगते. आणि इथं तर उघड्या छातीनं बसायचं होतं. माझा हात वरच्या बटणावरच थांबला. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत, मग काचेकडं पाहिलंत. काही विचारलं नाहीत. हसला नाहीत. कुणाला तिथून हाकललं नाहीत. ती जड खुर्ची दोन्ही हातांनी धरून भिंतीकडं फिरवलीत, मॉनिटरची वायर पायात येत होती ती बाजूला सारलीत आणि म्हणालात, "बसा."

सिस्टर, त्या दवाखान्यात आमच्यासाठी खूप मोठमोठी कामं झाली. बायकोचा जीव वाचला. पण माझ्या डोळ्यांपुढं सारखी ती खुर्ची येते. बाहेर माझ्या वडिलांचा मान राहिला, आत माझ्या लेकीला बापाची छाती मिळाली आणि कुणाला कुणापुढं मान खाली घालावी लागली नाही. खेड्यातली माणसं अडाणी, त्यांच्या रीती अडाणी, हे आम्ही शिकलेल्यांकडून पुष्कळ ऐकलंय. तुम्ही एक शब्द न बोलता खुर्ची फिरवलीत.

मग तिला आणलंत. अंगावर टोपी, मोजे आणि लंगोट, बाकी उघडी. नाकातून गेलेली दुधाची नळी चिकटपट्टीनं गालाला लावलेली. माझ्या छातीवर मधोमध उभी ठेवलीत, पाय बेडकासारखे दुमडून, मान एका बाजूला, हनुवटी जराशी वर, श्वासाची वाट मोकळी राहावी म्हणून. वरून सुती कापड बांधलंत. मांडी माझ्या अंगठ्याएवढी. कानाची पाळी इतकी मऊ की दुमडली तर तशीच राहायची. थोड्या वेळानं मॉनिटर वाजायला लागला. माझ्या हातापायातलं बळच गेलं. तुम्ही आलात, तिच्या तळपायावर बोटानं टिचकी मारलीत, तिनं श्वास घेतला. "दिवस न भरलेली लेकरं मधेच श्वास घ्यायचं विसरतात. आपण आठवण करून द्यायची," म्हणालात. पुन्हा वाजलं तेव्हा तुम्ही शेजारी उभ्या राहिलात आणि टिचकी मला मारू दिलीत. जिन्यात बसून सह्या करणाऱ्या माणसाला तुम्ही त्या घटकेला बाप केलंत.

पुढं मी लेकरू असं उघड्या अंगाशी धरायच्या या कांगारू पद्धतीवर मिळेल ते वाचलं. १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी ती सुरू केली, कारण तिथल्या दवाखान्यात लेकरं जास्त आणि पेट्या कमी होत्या. म्हणजे आपल्यासारखीच अडचण. एक किलो ते १८०० ग्रॅमच्या आतल्या लेकरांना जन्मल्यापासूनच असं अंगाशी धरलं तर मृत्यू चतुर्थांशानं कमी होतात, असं २०२१ साली छापून आलेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं. त्या अभ्यासात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनाच सांगते की लेकरू पुरतं सावरायची वाट बघू नका, आधीच अंगाशी धरा. आणि याला पैसा लागत नाही. जिथं मला दोन पेट्यांचा हिशोब ऐकवला गेला, तिथं छातीला धरायचं कुणीच बोललं नाही.

बायकोला व्हीलचेअरवरून पहिल्यांदा आणलं तेव्हा तुम्ही आधी धाकटीला तिच्याकडं दिलंत. थोरला जवळ होता, त्याला देणं सोपं होतं. पडद्यामागचं ते बोलणं मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला कसं सुचलं? बायकोनं तिच्या टोपीवर हात ठेवला आणि म्हणाली, "हे दुसरं." तुम्ही म्हणालात, "हो, आणि हीच जास्त आवाज करते."

दूध तिला येत नव्हतं. चिकाचे चार थेंब आले की ती वाटी पालथी घालायची, एवढ्यानं काय होतंय म्हणायची. तुम्ही ते चार थेंब बोटानं लेकरांच्या ओठाला लावायचात आणि रिकामी वाटी तिला परत देताना "संपलं, आणखी आणा" म्हणायचात. त्या "आणखी आणा"नं तिला दूध आलं असं ती आजही सांगते. नळी निघाली, मग बोंडल्यानं, म्हणजे चोचीच्या छोट्या वाटीनं, पाजणं आलं. माझी माय बोंडलं बघून हरखली. तिनं आम्हाला त्यानंच पाजलं होतं. तुम्ही तिला शेजारी बसवून विचारलंत, "मावशी, तुम्ही कसं धरायच्या?" तिनं धरून दाखवलं. त्यानंतर घुटी, मध, बाळकडू यातलं काही द्यायचं नाही हे तुम्ही सांगितलंत तेव्हा तिनं एका शब्दानं वाद घातला नाही.

हे फक्त आमच्याशीच होतं असंही नाही. शेजारच्या खाटेवरच्या लेकराचा बाप उसाच्या फडात, साखर कारखान्याच्या मुलखात अडकलेला. मुकादम सोडत नव्हता. त्या बाईसोबत तिची म्हातारी सासू तेवढी होती, तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तुम्ही त्या सासूलाही खुर्चीत बसवलंत, तिच्या लुगड्याच्या आत लेकरू बांधलंत आणि मला बोलता तशाच अहो-जाहो करत बोललात. सरकारी दवाखाना म्हटलं की नाक मुरडायची आपल्याकडं सवय आहे. गर्दी असते, भिंतींना रंग नसतो, हे खरंय. पण आजारी नवजात बाळावर फुकट उपचार व्हावेत हा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून कागदावर आहे, आणि तो कागदावरून आमच्या लेकरांपर्यंत आला तो तुमच्यासारख्यांच्या हातून. चांगुलपणासाठी वेगळा वेळ लागतो असं मी समजत होतो. तुमच्याकडं तर श्वास घ्यायला वेळ नसायचा, तरी तुम्ही माणसाकडं बघून मग कामाला हात घालायचात.

घरी सोडलं तेव्हा कडाक्याची थंडी होती. डिस्चार्ज कार्डावर डोळ्यांच्या तपासणीची तारीख तुम्ही लाल पेनानं गोल करून दिली होतीत. दोन किलोच्या आतल्या लेकरांच्या डोळ्यांचा पडदा महिनाभरात तपासावा लागतो, उशीर झाला तर नजर जाऊ शकते, हे बजावून सांगितलंत आणि "हा कागद देव्हाऱ्यात ठेवा, म्हणजे हरवणार नाही" म्हणालात. मायनं खरंच तिथंच ठेवला. तारीख चुकली नाही, दोघांचे चारही डोळे चांगले आहेत. गावातल्या आशाताई ठरल्या दिवशी यायच्या, साबणानं हात धुऊन वजन घ्यायच्या, ताप बघायच्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरोघरी बाळं जगवायचं जे काम उभं केलं, त्यातूनच हे देशभर आलं, असं आशाताईंनीच मला सांगितलं.

आणि आबांचं सांगायचं राहिलं. एका रात्री लाइट गेली, घरातला हीटर बंद. थोरला त्याच्या आईच्या अंगावर होता. धाकटीला मी घेतलं होतं, पण मला ताप भरल्यासारखं वाटत होतं. "ताप असेल त्यानं घ्यायचं नाही" हे तुमचं वाक्य बायकोला पाठ. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत असताना आबा उठले, हात धुऊन आले, अंगातली बंडी काढली आणि म्हणाले, "आण हिकडं." मायच्या देखत, माझ्या देखत, सुनेच्या देखत. पहाटे लाइट आली तरी त्यांनी तिला दिलं नाही.

आता थोरला आठ किलोच्या जवळ गेलाय, धाकटी सात किलोच्या जवळ. वय मोजताना दोन महिने वजा करा, हे तुमचं आम्ही सगळ्यांना सांगतो, नाहीतर येणारा-जाणारा विचारतो की अजून उभी कशी राहत नाहीत. दोघं रांगतात. ती पुढं असते.

जावळ दिवाळीनंतर घरीच काढणार आहोत. पत्ता तुमच्या जुन्या रजिस्टरात असेल, केजहून एसटी आमच्या फाट्यावर थांबते, तिथून मी गाडी घेऊन न्यायला येतो. जेवायला ज्वारीची भाकरी आणि मायच्या हातची येसराची आमटी आहे. तुमची ड्युटी बघून तारीख धरू, फक्त निरोप करा.

तुमचा,
जुळ्यांचा बाप
तालुका केज, जिल्हा बीड