टॉमला बोलायला लावू नका

जुन्या कार्टूनच्या नव्या अवतारांनी मूळ कलाकृतींची वाट लावली, असा सूर असलेला रविवार पुरवणीतील लेख वाचला. सरसकट हा ठपका ठेवणे पटत नाही. बिघाड होतो तो मूळ कलाकृती कशावर उभी होती हेच न ओळखल्याने.

‘टॉम अँड जेरी’ घ्या. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या कार्टूनकारांनी १९४० मध्ये सुरू केलेल्या या मालिकेने सात ऑस्कर मिळवले, तेही जवळपास मुक्याने. संवादांचे काम स्कॉट ब्रॅडली यांचे संगीत करत होते. १९४७ च्या एका भागात टेलकोट घातलेला टॉम ऐटीत पियानोवर संगीतकार फ्रान्झ लिस्ट यांची रचना वाजवतो, आत झोपलेला जेरी पियानोच्या हातोड्यांवर उसळून जागा होतो आणि पुढची सगळी मारामारी तालात चालते. १९९२ च्या चित्रपटात मात्र या दोघांना चक्क बोलायला, गायला लावले आणि त्यांची मैत्रीही करून टाकली. मग उरले काय?

याउलट ‘डकटेल्स’ या बदकांच्या कार्टून मालिकेच्या २०१७ च्या नव्या अवताराने धनाढ्य बदक स्क्रूजचा कंजूषपणा आणि साहसाची हौस तशीच ठेवली. पूर्वी टोपीच्या रंगावरूनच ओळखू येणाऱ्या तिन्ही भाच्यांना वेगवेगळे आवाज आणि स्वभाव दिले. दूरदर्शनवर रविवारी मूळ मालिका पाहिलेल्या माझ्यासारख्याला तो बदल खटकला नाही. शीर्षकगीत जुनेच आहे, हेही आमच्या पिढीला लाच दिल्यासारखेच!

– एक वाचक, सांगली