बेल्ट ग्राइंडर जोडण्याआधी

सोलापूर

चि. मृणाल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं बेल्ट ग्राइंडरचं, म्हणजे फिरत्या पट्ट्यावर पाती घासायच्या मशीनचं, किट आलं. पेटी उघडून यादीशी ताडून पाहिली. लेझरने कापलेल्या 12 मि.मी.च्या प्लेटा, चाकं, प्लॅटन (पट्ट्यामागची सपाट पाटी), आर्मचा चौकोनी दांडा, स्प्रिंग, बोल्टांची पिशवी, सगळं जागेवर आहे. मोटर आणि व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) मात्र त्यात नाही. सोबतच्या कागदावरच्या सूचना फ्रेम उभी राहिली की संपतात आणि गोंधळ पुढेच होतो. तू येण्याआधी लिहितोय, कारण काही सामान तुला पुण्याहून आणावं लागेल आणि एक काम इथे लेथवर आधीच करून ठेवावं लागेल.

मोटरच्या चाकाचं बोअर, म्हणजे मधलं भोक, 5/8 इंच आहे, म्हणजे 15.88 मि.मी. हे अमेरिकन मापाच्या मोटरसाठी झालं. आपल्याकडच्या 2 एचपी मोटरची फ्रेम 90 नंबरची, शाफ्ट 24 मि.मी. आणि चावी (शाफ्टवर चाक अडकवणारी पट्टी) 8 मि.मी.ची. चाक लेथवर 24 ला बोअर करून चावीचा गाळा पाडून घ्यायचा. ड्रिलने भोक मोठं करायचा विचारही नको. भोक केसभर जरी एका बाजूला गेलं, तरी चाक लंगडत फिरतं, पट्टा दर फेऱ्याला धडकतो आणि पात्यावर लाटा उमटतात. बोअर झाल्यावर त्याच मध्यावर बाहेरचा व्यासही हलकासा घासून घ्यायला सांगतो. चाकाला दोन ग्रब स्क्रू 90 अंशांत हवेत, त्यातला एक चावीवर बसणारा.

किटमधली मोटरची प्लेटसुद्धा त्याच अमेरिकन मापाच्या फ्लँजसाठी (मोटरच्या तोंडावरच्या तबकडीसाठी) आहे, आपल्या मोटरची भोकं तिला जुळणार नाहीत. पायाची मोटर घे आणि खाली 10 मि.मी.चा बेस टाकू. 90 फ्रेमचा अर्थच असा, की पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंत 90 मि.मी. उंची. फ्रेमवर मोटरचं चाक किती उंचीवर येतं ते मोजून बेस ठरवायचा.

मोटर पूर्ण बंद, बाहेरच्या पंख्याची घे. उघड्या मोटरच्या वाइंडिंगवर लोखंडाचा कीस बसला की ती जळालीच समज. घरी सिंगल फेज आहे. 230 व्होल्ट आत घेणारा व्हीएफडी बाहेर तीन फेज देतो खरा, पण तेही 230 व्होल्टचेच. म्हणून मोटर डेल्टात (आतली तीन वेटोळी त्रिकोणात) जोडावी लागते, आणि इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. आपल्याकडे 2 एचपीची मोटर बहुधा 415 व्होल्टला स्टारमध्ये (वेटोळ्यांची एकेक टोकं एकत्र बांधून) जोडून येते. स्टारमध्येच 230 दिलं तर ती फिरते, पण दाब दिला की गुडघे टेकते. घेताना टर्मिनल बॉक्स उघडून बघ. सहा टोकं असतील तर टर्मिनलवरच्या पट्ट्या बदलून डेल्टा होतो. तीनच वायरी बाहेर असतील तर स्टारचा जोड आत बांधलेला आहे, तो रिवाइंडिंगवाल्याकडून सोडवून घ्यावा लागेल. अशी मोटर स्वस्त मिळाली तरी मी घेणार नाही. डेल्टात करंट स्टारच्या 1.73 पट होतो. नेमप्लेटवर डेल्टाचा आकडा नसेल तर असा काढून तोच व्हीएफडीत ओव्हरलोडला भर.

आपल्या मागांच्या कारखान्यातल्या थ्री फेजवर मोटर स्टारमध्येच ठेवून थेट चालेल, हे तुझ्या मनात येईल. चालेल, पण एकाच वेगाने. चाक 100 मि.मी.चं आणि मोटर 2,880 फेऱ्यांची, म्हणजे पट्टा मिनिटाला साधारण 905 मीटर धावतो. 36 ग्रिटच्या पट्ट्याने (आकडा जितका लहान तितका पट्टा खरखरीत) पोलाद उतरवायला हा वेग उत्तम. 220 च्या पुढे किंवा लाकडी मुठीवर याच वेगाने गेलीस तर जाळशील. किटवाले सोबत मोठं रबरी कॉन्टॅक्ट व्हील खपवू पाहतात. ते राहू दे, तो पैसा व्हीएफडीत घाल. व्हीएफडीवर 15 ते 50 हर्ट्झ एवढी मर्यादा ठेव, वेग घ्यायला 4 सेकंद. 20 हर्ट्झच्या खाली फार वेळ जोर लावून चालवू नकोस, कारण मोटरचा पंखाही तेवढाच मंदावतो आणि ती तापते.

व्हीएफडी 2.2 किलोवॅटचा आण, मोटर 1.5 ची असली तरी. बहुतेक व्हीएफडी 40 अंशांपर्यंतच पूर्ण करंट देतात आणि एप्रिल-मेमध्ये सोलापूर कुठे असतं ते तुला माहीत आहे. शिवाय किसापासून जपायला तो बंद पेटीत जाणार, तिथे उष्णता आणखी साठते. पेटी मोठी आणि धातूची घेऊ आणि ठिणग्यांच्या रेषेपासून दूर भिंतीवर लावू. त्याला स्वतंत्र 16 अँपियरची लाइन, 2.5 चौ.मि.मी.ची तांब्याची वायर आणि पक्कं अर्थिंग. व्हीएफडी आणि मोटर यांच्या मध्ये कुठलाही स्विच नको, चालू असताना तो उघडला तर व्हीएफडी जाऊ शकतो. लाल बटण व्हीएफडीच्या स्टॉप टर्मिनलला जोड. मोटर उलटी फिरली तर तिच्याकडच्या तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल कर. प्लॅटनवर पट्टा खाली धावला पाहिजे.

आता फ्रेम. प्लेटांच्या कडांना लेझरचे कंगोरे आहेत, ते आधी कानशीने काढ, नाहीतर प्लेट प्लेटला सपाट टेकणार नाही. एम 8 चे आटे पाडायच्या भोकांना 6.8 चं ड्रिल, एम 10 ला 8.5. टॅप उभा धर, गुण्याने तपास, तेल घाल, अर्धा फेरा पुढे की पाव फेरा मागे. लेझरने कापलेल्या भोकाची कड कडक झालेली असते, तिथे टॅप तुटतो. म्हणून आधी एकदा ड्रिल फिरवून घे.

सगळे बोल्ट हाताने, सैलच लाव. मग आर्मचा दांडा आत सरकव, दोन बाजूंना वहीच्या कागदाची एकेक पट्टी घाल आणि समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळ. कागद काढला की दांडा खडखडत नाही आणि अडकतही नाही. आधी आवळून मागून दांडा ठोकणारे नंतर फ्रेम वाकडी आली म्हणून रडतात.

चाकांत दोन-दोन बेअरिंग आहेत आणि मध्ये एक छोटी नळी. ती नळी विसरलीस किंवा ती किंचित आखूड निघाली, तर बोल्ट आवळताच बेअरिंग आडवे दाबले जातात. चाक हाताने फिरवून बघ. आवळल्यावर जड झालं तर दोष नळीचा आहे, बोल्ट सैल सोडून काम भागवू नकोस. बेअरिंग बदलायचे झाले तर रबर सीलचेच घाल.

सगळ्यात जास्त वेळ एका रेषेसाठी दे. मोटरचं चाक, प्लॅटनची दोन चाकं आणि ट्रॅकिंगचं (पट्टा मध्यावर ठेवणारं) चाक एकाच पातळीत हवीत. लांब सरळ पट्टी मोटरच्या चाकाच्या तोंडाला टेकवून प्लॅटनच्या चाकांपर्यंत मोज. रुंदी वेगळी असेल तर मध्य धरून मोज. ट्रॅकिंगच्या चाकाला मध्ये उंचवटा आहे, पट्टा त्यावर चढून मध्यावर राहतो. जुन्या मागांचे चामडी पट्टे पुलीवर टिकायचे ते यानेच. पण चाकं मुळात तिरपी असली तर उंचवटा काय करणार? ट्रॅकिंगचा स्क्रू शेवटपर्यंत फिरवूनही पट्टा एकाच बाजूला पळत असेल, तर स्क्रूशी झटू नकोस, मोटरच्या पायाखाली पातळ पत्रा घाल. पट्टा मध्यावर राहून पुढे-मागे डुलत असेल तर ट्रॅकिंगच्या बिजागरीत ढिलाई आहे. दर फेऱ्याला ठक आवाज येत असेल तर पट्ट्याचा जोड बघ, पाठीवरचा बाण धावण्याच्या दिशेला हवा. पहिल्यांदा पट्टा हातानेच फिरव, मग 15 हर्ट्झवर, आणि तू पट्ट्याच्या रेषेत नाही, बाजूला उभी राहा.

प्लॅटनवर सिरॅमिक काच चिकटवायची आहे. पोलाद खरखरीत घासून अॅसिटोनने पुसून घे, चांगला इपॉक्सी लाव, रात्रभर दाबून ठेव आणि खाली आधाराला दोन स्क्रू दे. काचेचं तोंड चाकांच्या दीड-दोन मि.मी. पुढे आलं पाहिजे, नाहीतर पातं काचेऐवजी चाकांवर टेकतं आणि कड गोल होते.

पाणी दिलेलं (तापवून कडक केलेलं) पातं घासताना हातमोजा नको. बोटाला चटका बसला की लगेच पातं पाण्यात बुडव. धारेवर निळा रंग दिसला म्हणजे पोलाद 300 अंशांच्या आसपास गेलं आणि तिथलं पाणी उतरलं. तेवढा भाग घासून टाकण्यावाचून इलाज नाही.

मशीन मागच्या पत्र्याच्या खोलीतच बसेल, कारखान्याच्या दाराशी नाही. मागांची कापसाची लव वाऱ्यावर येते, भिंतीला चिकटते, आणि ठिणगीला तेवढं पुरे. पट्ट्याखाली पाण्याची बादली, आठवड्याला खोली झाडणं. अॅल्युमिनियम या मशीनवर मुळीच घासायचं नाही, त्याचा आणि लोखंडाचा बारीक कीस एकत्र पेटला तर पाण्याने विझत नाही. वेणी आत, ओढणी बाहेर काढून ठेवलेली, डोळ्यांवर चष्मा, आणि तोंडावर कापडी नव्हे, फिल्टरचा मास्क.

येताना आण: सहा टोकांची मोटर, व्हीएफडी, इपॉक्सी, बोल्ट पक्के करायचं निळं लॉकटाइट, आणि 50 × 1830 मि.मी.चे पट्टे. 36 चे सिरॅमिक पाच, 60 चे तीन, 120 आणि 220 चे दोन-दोन. 400 आत्ता नको. मोटरच्या नेमप्लेटचा फोटो पैसे देण्याआधी मला पाठव.

तुझे,
बाबा