गाडी घेतलीय, आधी पूर्ण वाचा मग रागवा

ति. आईबाबा, सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी मधेच किलोमीटर किती झालेत विचारलं असतं, आईने "पण कशाला?" म्हटलं असतं आणि मला रडू आलं असतं, म्हणून लिहितेय. गाडी घेतली. सेकंडहँड अल्टो, 2009 ची, 60 हजारांना. तीन आठवडे "ऑफिसच्या बसने जाते" सांगत होते ते खोटं होतं. गाडी गॅरेजात होती आणि मी स्कूटीवरच जात होते.

बाबा, तुम्ही एफडी मोडतो म्हणालात म्हणूनच आधी बोलले नाही. ती आईच्या गुडघ्यांच्या उपचारांसाठी ठेवलेली आहे. आणि नऱ्ह्याहून हिंजवडी रोज स्कूटीवर म्हणजे कात्रज बोगद्याचा उतार उतरून आलेले ट्रक नवले पुलापाशी मागे, ब्रेक लागतायत की नाही ते त्यांनाच माहीत. पावसात तर आरशात बघायचंच सोडलं होतं मी.

जुनी आहे पण तपासून घेतलीय. 15 वर्षं झाल्यावर आधीच्या मालकाने ग्रीन टॅक्स भरून री-पासिंग केलंय, आरसी (नोंदणी) 2029 पर्यंत आहे. गाडी नावावर करायचे फॉर्म 29, 30 दिलेत, इन्शुरन्स नावावर होतोय. टायमिंग बेल्ट कधी बदललाय ते त्याला सांगता येईना, म्हणून पहिला तोच बदलला, तुटला तर गाडी जागच्या जागी बंद. क्लच प्लेट, बॅटरी, चारही टायर (गुळगुळीत झाले होते). मॅट उचलली तर ड्रायव्हरच्या पायाशी पत्रा सडलेला, भोकातून खालचा रस्ता दिसत होता! तो कापून नवा वेल्ड केला. सगळे मिळून वर 29 हजार गेले. एकूण 89 हजार, म्हणजे जवळपास नव्या स्कूटरएवढेच हो.

एसी आहे आई, आणि चालतो. पॉवर स्टिअरिंग नाही, पार्किंगला हात भरून येतात. एअरबॅग नाही हे लपवत नाही, म्हणून 60 च्या वर जात नाही आणि सांगलीला एसटीनेच येणार.

गॅरेजात एकदा गाडी मिसिंग करत होती, इंजिन अडखळत होतं, तर मी म्हटलं आधी स्पार्क प्लग काढून बघा. मेकॅनिक काका बघतच राहिले. त्यांना काय माहीत, बाबा, बजाज स्कूटर आडवी करून किक मारणाऱ्या तुम्हाला प्लग घासायला पॉलिश पेपर द्यायचं काम माझ्याकडे होतं ते. स्कूटरवर पुढे उभी राहायचे ना मी, तुमच्या हातांच्या मधे, पाऊस आला की तुमच्या रेनकोटच्या आत. अजून तो वास आठवतो.

आता माझं ऐका. मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत अंधार पडल्यावर स्कूटर काढायची नाही. तुम्हाला चालवता येत नाही असं म्हणत नाहीये बाबा, समोरच्यांना येत नाही. ऑपरेशनची तारीख या आठवड्यात घ्या, नाहीतर मीच फोन करीन डॉक्टरांना. आई, बीपीची गोळी जेवणावर ढकलू नकोस. तपासणीला पुण्याला याल तेव्हा स्टेशनवर घ्यायला मी येईन, रिक्षावाल्याशी घासाघीस नाही. मागच्या सीटवर तुझी जुनी गोधडी टाकलीय, गुडघ्याखाली घ्यायला.

आणि आई, संध्याकाळी स्कूटरची किल्ली तुझ्याकडे ठेव. फ्रीजवरच्या डब्यात नको, तो बाबांना माहीत आहे.

तुमची,
मनू